पाकिटावरचं नाव, रिपोर्टवरचं नाव

सोयाबीन कापलेल्या रानात अनवाणी पाय टाकू नये, हे आमच्याकडच्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. विळ्यानं तिरपं कापलेलं धसकट खिळ्यासारखं उभं असतं. माझे मामा औसा तालुक्यातले, जन्म शेतीत गेलेला. त्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर परतीच्या पावसानं गाठलं. गंजीवर ताडपत्री टाकायला मामा रात्री धावले, एक चप्पल चिखलात रुतली ती तिथंच राहिली, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी धसकट घुसलं. मामांना दहा वर्षांपासून साखर आहे. तळपायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे घुसलेलं कळलंच नाही. सकाळी मामीनं अंथरुणावर रक्ताचा डाग पाहिला तेव्हा कळलं.

हळद भरली, फडकं बांधलं. दिवस रब्बीच्या तयारीचे, घरात बसून कसं चालेल? फडकं रोज ओलं व्हायचं. संध्याकाळी विहिरीजवळच्या हौदाच्या पाण्यानं पाय धुवायचा, तेच फडकं पिळून पुन्हा गुंडाळायचं. आठ-नऊ दिवसांनी फडक्यावर हिरवट-निळसर डाग दिसू लागला. पिकून गेलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास यायला लागला. मामी म्हणाली, फडक्याचा रंग सुटला असेल. फडकं पांढऱ्या धोतराचं होतं.

लातूरला आणलं तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. जखमेतला पू तपासायला गेला आणि तीन दिवसांनी त्याचा कागद हातात आला. मामांना इंग्रजी अक्षरं लावता येतात. चष्मा लावून त्यांनी एकेक अक्षर जोडत वाचलं, “सु-डो-मो-नास.” मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “आरं, हे तर आपल्या हरभऱ्याचं औषध हाय!”

खरंच होतं. त्याच आठवड्यात त्यांनी हरभऱ्याच्या बियाण्याला बीजप्रक्रिया केली होती. गुळाचं पाणी करायचं, त्यात पाकिटातली पावडर कालवायची, बियाण्याला हलक्या हातानं चोळायची आणि सावलीत वाळवायचं. पाकिटावर तेच नाव छापलेलं. “बियाला लावलेलं माझ्या पायाला लागलं का काय?” मामांनी विचारलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस. तरी त्या दिवशी मला त्यांना पटेल असं उत्तर देता आलं नाही. “तसं नाही मामा, ते वेगळं,” एवढंच म्हणालो. वेगळं म्हणजे काय आणि किती वेगळं, हे सांगायचं राहूनच गेलं.

पाकिटातल्या जीवाणूचं पूर्ण नाव स्युडोमोनास फ्लुरोसन्स. रिपोर्टमधल्याचं स्युडोमोनास एरुजिनोसा. भावकी एक, घरं वेगळी. फ्लुरोसन्सला २५ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब मानवते. माणसाच्या अंगातल्या ३७ अंशांत तो नीट वाढत नाही. एरुजिनोसा मात्र ४२ अंशांतही जोमानं वाढतो, आणि प्रयोगशाळेत या दोघांना वेगळं ओळखण्याची ही एक जुनी, साधी कसोटी आहे. म्हणजे मामांची बीजप्रक्रिया निर्दोष होती. पायातला जीवाणू आला असणार तो हौदाच्या पाण्यातून, चिखलातून, त्या ओल्या फडक्यातून. या दोघांचं काम मात्र फारसं वेगळं नाही, आणि माझ्या मते खरी समजून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण ते पिकाच्या हाती लागत नाही. माती चुनखडीची आणि अल्कधर्मी, त्यामुळे लोह जणू कुलपात. पावसाळ्यात सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते या कुलपामुळेच. शेतकरी फेरस सल्फेट फवारतो. जीवाणूला फवारणी करून द्यायला कुणी नसतं, म्हणून तो स्वतःच एक रेणू तयार करून बाहेर सोडतो. हा रेणू मातीतल्या लोहाच्या कणाला कवळ घालतो, आणि जीवाणू त्याला लोहासकट परत आत ओढून घेतो. फ्लुरोसन्सचा हा रेणू अतिनील प्रकाशात पिवळसर-हिरवा चमकतो. त्याच चमकेवरून त्याला नाव मिळालं. हरभऱ्याच्या मुळाभोवती हा जीवाणू स्थिरावला की आसपासचं लोह तोच उचलतो, आणि मर रोगाच्या बुरशीला उपाशी राहावं लागतं. बुरशीला मारक अशी रसायनंही तो सोडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकरी जी जैविक मिश्रणं रांगा लावून नेतात, बायोमिक्ससारखी, आणि अर्धापूर-वसमतच्या हळदीच्या मळ्यांत ज्यांच्यावर लोकांचा भरवसा आहे, त्यांच्यामागचं तत्त्व हेच: मातीतल्या चांगल्या कामकऱ्यांना आधी जागा मिळवून द्यायची.

आता माणसाचं शरीर पाहा. आपल्या रक्तातही लोह मोकळं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं, आणि त्याचा एक हेतू असाच आहे की जंतूंच्या हाती काही लागू नये. म्हणजे शरीरानंही कुलूपच लावलेलं. पण एरुजिनोसाच्या घराण्यानं अशी कुलपं उघडण्यातच युगं घालवली आहेत. मातीत लोह ओढणारा त्याचा रेणू इथंही लोह ओढतो. शेजारच्या सूक्ष्मजीवांना हटवायला तो निळं रसायन सोडतो, पायोसायनिन. तेच रसायन जखमेत आपल्या पेशींना इजा करतं. मामांच्या फडक्यावरचा डाग त्याचाच होता. १८८२ साली फ्रान्समध्ये कार्ल जेसार या लष्करी औषधतज्ज्ञानं जखमांच्या पट्ट्यांवर येणाऱ्या अशाच निळ्या-हिरव्या डागांचा पाठपुरावा केला आणि त्यामागचा जीवाणू वेगळा काढून दाखवला. एरुजिनोसा हे नाव लॅटिन आहे. तांब्याच्या भांड्यावर जो हिरवा कळंक चढतो, त्याचा तो रंग. आंबट ताक कळकलं की आजी ते फेकून द्यायची, तो कळंक.

पटकीचा जंतू निरोगी माणसाला आडवा करतो. विषमज्वराचंही तसंच. ज्यांच्याविषयी मी लिहितोय ते जीवाणू तसे नाहीत. धडधाकट माणूस दिवसभर त्यांच्यात वावरतो. ते त्याच्या पाण्यात असतात, भाजीवर असतात, अंगणातल्या मातीत असतात, आणि त्याला काही होत नाही. कातडी शाबूत असते, पोटात आम्ल असतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. साखरेनं ती राखण ढिली पडते. भाजलेल्या माणसाची कातडीच जाते. कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात. सलाइनची सुई, लघवीची नळी, श्वासाची नळी म्हणजे तर आपणच पाडलेलं खिंडार. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की ती कातडीचं काम धड करू शकत नाही. अशा ठिकाणी हे जीवाणू शिरतात आणि आजार होतो. वैद्यकीय मराठीत त्यांना ‘संधिसाधू’ म्हणतात. शब्द चांगला आहे, सगळ्यांना लगेच कळतो, पण मला तो पुरता पटत नाही. संधी साधली ती जीवाणूनं, एवढंच त्यातून ऐकू येतं. ती संधी कशी तयार झाली, कुणाच्या हातून झाली, हे त्या शब्दात कुठं दिसतच नाही.

याच घोळक्यातल्या दुसऱ्या एका जीवाणूची गोष्ट मराठवाड्याच्या आणखी जवळची आहे. ॲसिनेटोबॅक्टर. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १९११ साली डेल्फ्टमध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला, तोही मातीतून. हा जीवाणू पोहत नाही, जागचा हलत नाही. नावाचा अर्थही तोच, ‘न हलणारा’. त्याच्यावर भारतात ज्यांनी सातत्यानं काम केलं, त्यांत डॉ. बी. ए. चोपडे यांचं नाव ठळक आहे. २०१४ ते २०१९ या काळात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याआधी पुणे विद्यापीठात त्यांच्या गटानं निरोगी माणसांच्या त्वचेवरचे ॲसिनेटोबॅक्टर अभ्यासले, तसेच गव्हाच्या मुळांभोवतीचेही. गव्हाच्या मुळाशी राहणारे त्यातले काही वाण झाडाच्या वाढीचं संप्रेरक तयार करतात, असं त्यांच्या २००२ च्या शोधनिबंधात आहे. म्हणजे गव्हाच्या मुळाला हात देणारं हे कूळ. त्याच कुळातला ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी आज अतिदक्षता विभागांत सगळ्यांत धास्तीचा जंतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली नव्या प्रतिजैविकांची तातडीनं गरज असलेल्या जंतूंची यादी केली, तेव्हा कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर सगळ्यांत वरच्या गटात होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो त्याच गटात आहे.

त्याचं बळ कशात आहे? एरुजिनोसाला ओल लागते. ॲसिनेटोबॅक्टर कोरडेपणा सोसतो. खाटेच्या दांडीवर, मॉनिटरच्या बटणावर, पडद्याच्या काठावर तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात तग धरणाऱ्या जीवाला स्टीलची दांडी काय मोठी? स्वतः हलत नाही, पण हलायची गरजही नसते. त्याला आपले हात नेतात.

दिल्लीतल्या ३ रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात दाखल झालेली १३,५३० बाळं त्यात होती. १०० पैकी १४ बाळांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, आणि सापडलेल्या जंतूंत पहिला क्रमांक ॲसिनेटोबॅक्टरचा होता, २२ टक्के. त्यातले दहापैकी आठ वाण अनेक औषधांना दाद न देणारे होते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. गव्हाच्या मुळाशी राहणाऱ्या कुळातला जीव, आणि दीड किलोचं बाळ.

नांदेडचा उल्लेख इथं टाळता येणार नाही. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ जण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ती घटना जंतूंची गोष्ट म्हणून मांडणं अन्यायाचं होईल. तेव्हा चर्चा झाली ती औषधांची, अपुऱ्या मनुष्यबळाची, आणि खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्णांची. या रुग्णालयात नांदेडच नव्हे, हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही माणसं येतात. लहान दवाखान्यांनी हात टेकले की अखेरीस गाडी विष्णुपुरीकडे वळते. तरीही इथं मी त्या दिवसांकडे बोट दाखवतो, कारण जंतूचा प्रवास आणि गर्दीचा प्रवास एकाच वाटेनं होतो. एका परिचारिकेकडे दोन बाळं असतील तर एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हाताला स्पिरिटचं द्रावण चोळून वीस-तीस सेकंद थांबता येतं. तिच्याकडे दहा बाळं असतील आणि त्यातली तीन एकाच वेळी निळी पडत असतील, तर त्या वीस सेकंदांचा हिशेब तिच्याकडे मागायचा कुणी आणि कोणत्या तोंडानं? मी स्वतः तिला दोष देऊ शकत नाही. पदं किती मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हा प्रशासनाचा आकडा वाटतो. जंतूशास्त्रातही तो पहिल्या ओळीतला आकडा आहे.

एरुजिनोसाकडे परत येऊ, म्हणजे पाण्याकडे. लातूरकराला पाण्याविषयी काही शिकवायला जाऊ नये. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून १० वाघिणींमधून ५ लाख लिटर पाणी लातूरला उतरलं, तेव्हा ‘जलदूत’ पाहायला लोक स्टेशनाकडे धावले होते. मांजरा धरण कोरडं होतं. पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या दिवसांनी शहराला एक सवय लावली, ती आजही पुरती गेलेली नाही: पाणी दिसलं की भरून ठेवायचं. प्लास्टिकचे निळे ड्रम, गच्चीवरची टाकी, जमिनीतला हौद, न्हाणीतलं पिंप, कोपऱ्यातला रांजण. नळाला पाणी येईल तेव्हा सगळं काठोकाठ.

साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरावा असा दंडक आहे, पण तो नळाच्या पाण्याला. ड्रममध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातलं काही उरलेलं नसतं. मग ड्रमच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे निव्वळ मळ नव्हे. ती वस्ती आहे. जीवाणू भिंतीला चिकटतात, भोवती चिकट द्रव सोडतात आणि त्याच्या आत थरांवर थर रचून राहतात. एकट्या तरंगणाऱ्या जीवाणूला जेवढी ब्लीचिंग पावडर मारते, त्याच्या शेकडो पटींनीही या वस्तीतल्या आतल्या रहिवाशाला काही होत नाही, कारण औषध तिथवर पोचतच नाही. पाणी ओतून टाकलं आणि नवं भरलं तरी वस्ती जागेवरच. ती निघते फक्त घासल्यानं. आमच्या आज्या रांजण कोरडा करून काथ्यानं आतून घासायच्या आणि उन्हात पालथा घालायच्या. त्यात रसायनशास्त्र नव्हतं, पण घासणं आणि सुकवणं या दोन्ही गोष्टी होत्या. या वस्तीचं नेमकं तेवढ्यानंच बिघडतं.

असं पाणी प्यायलं तर निरोगी माणसाला एरुजिनोसापासून सहसा काही होत नाही. जुलाब-उलट्यांचे जंतू निराळे. अडचण होते ती हे पाणी चुकीच्या जागी गेलं की. मुलाच्या वाफाऱ्याच्या यंत्राचा मास्क नळाखाली धुऊन ओलाच पिशवीत ठेवला जातो. घरी आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राची बुडबुड्यांची बाटली ड्रममधल्या पाण्यानं भरली जाते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हे घरोघरी झालं, कारण तेव्हा श्वास महत्त्वाचा होता आणि बाटलीतल्या पाण्याचा विचार करायला कुणाला उसंत नव्हती. त्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी लागतं. ते नसेल तर उकळून निवलेलं, रोज बदललेलं. जखम धुवायची तरी तेच. हौदाचं पाणी नव्हे, हे मी मामांच्या नंतर शिकलो असं नाही, पण सांगायला मात्र त्यांच्यानंतरच लागलो.

रुग्णालयांची याबाबतची ठेच आणखी शिकवून जाणारी आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची नाजूक उपकरणं वाफेच्या भट्टीत घालता येत नाहीत म्हणून जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवायची आणि मग ते द्रावण निघावं म्हणून पाण्यानं धुवायची, अशी रीत भारतभर होती. बंगळुरूतल्या एका रुग्णालयात पोटाच्या बारीक छिद्रांच्या जखमा महिनोन्महिने भरेनात. शोध घेतला तेव्हा सापडला पाण्यात राहणारा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला मायकोबॅक्टेरियम किलोनी. उगम होता तो शेवटच्या धुण्याच्या पाण्यात. हा अनुभव २००६ साली छापून आला. सगळी काळजी घेऊन झाल्यावर, अगदी शेवटी, स्वच्छतेसाठी म्हणून ओतलेलं पाणी!

आणि कांदा. कांदा पिकवणाऱ्या महाराष्ट्रात हे नाव प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९५० साली वॉल्टर बर्कहोल्डर या अमेरिकी शास्त्रज्ञानं कांदा सडवणाऱ्या एका जीवाणूचं वर्णन केलं. कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला सेपेशिया म्हणतात, आणि पुढं त्याच्या घराण्यालाच शास्त्रज्ञाचं नाव मिळालं, बर्कहोल्डेरिया. इतक्या थोड्यावर भागवणारे जीवाणू विरळा. सलाइनमध्ये, अल्ट्रासाउंडच्या जेलमध्ये, कधी तर जंतुनाशकाच्या बाटलीतही तो तग धरतो. मुंबईतल्या एका रुग्णालयात केमोथेरपी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णांना एकामागून एक थंडी वाजून ताप येऊ लागला. रक्तात हा कांद्याचा जीवाणू सापडला. डॉक्टरांनी एकेक दुवा तपासला, तेव्हा तो निघाला उलटी थांबवण्याच्या इंजेक्शनात, आणि तेही न उघडलेल्या बाटल्यांत. ते निबंधरूपानं २०१५ साली प्रसिद्ध झालं. ज्यांनी तो माग काढला, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. ताप आला की प्रतिजैविक बदलून पाहणं सोपं असतं. बाटलीपर्यंत चालत जाणं अवघड.

काळ्या मातीत याहून सावकाश चालणारे जीवही आहेत. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो पाण्याचा नव्हे, स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जीवाणूंच्या एका रसायनाचा. त्यांच्याच दूरच्या नातलगांत नोकार्डिया आणि ॲक्टिनोमाड्युरा येतात. बाभळीचा काटा पायात मोडतो, त्याबरोबर ते आत जातात आणि वर्षानुवर्षं मुक्काम करतात. पाय हळूहळू सुजतो, त्याला तोंडं पडतात, त्यातून रवाळ कण येतात. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही. मदुरा पाय म्हणतात त्याला. इथं साखर वगैरे असायची गरज नसते. अनवाणी चालणं एवढंच पुरतं, म्हणून त्याला निखळ संधिसाधू म्हणता येणार नाही. या रोगाचा पहिला पद्धतशीर अभ्यास आपल्याच मुलखात झाला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा तो डॉक्टर. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली १८५८ ची चित्रं त्यानंच काढली. त्याच वर्षी तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आला, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि १८७४ साली त्यानं या रोगावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. असे सुजलेले पाय घेऊन आलेले शेतकरी त्याच्या ओसरीवर बसत असतील, आणि शवविच्छेदनाची चित्रं काढणारा तो हात त्यांचे पाय रेखाटत असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१६ साली. मधे १४२ वर्षं गेली. एवढा काळ लागला, कारण तो रोग ज्यांना होतो ती माणसं बूट घालत नाहीत आणि मोर्चेही काढत नाहीत.

मामांच्या पायाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. बोट गेलं, पण जखम भरेना. दोन महागडी प्रतिजैविकं झाली. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढं एकाखाली एक ‘दाद नाही’ अशा अर्थाची अक्षरं होती. मग डॉक्टरांनी रोज सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. मामीला नाव कळलं तेव्हा ती घाबरली, “सरबतातलं लिंबूसत्त्व जखमेवर?”

हा उपाय लातूरच्या ओळखीचा आहे. इथल्या एम.आय.एम.एस.आर. वैद्यकीय महाविद्यालयातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. बसवराज नागोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनासच्या जखमांवर सायट्रिक ॲसिड वापरून पाहिलं आणि १९९८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते मांडलं. निबंधाच्या शीर्षकातच ‘परिणामकारक आणि कमी खर्चाचा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पुढं मधुमेही पायांच्या जखमांवरही त्यांनी हे काम नेलं. प्रमाण सहसा ३ टक्के. तत्त्व असं की चिघळलेली जखम अल्कधर्मी होते आणि एरुजिनोसाला ते मानवतं. आम्लानं ती जागा त्याला नकोशी होते, आणि नवी कातडी धरायला मदत होते. प्रतिजैविक ज्या विशिष्ट कड्या तोडतं, त्या कड्या जीवाणू बदलू शकतो. राहत्या जागेचं आम्ल बदललं तर त्यावर उतारा शोधणं त्याला तितकं सोपं नाही. काळ्या मातीच्या, चुनखडीच्या मुलखातल्या डॉक्टरांना हे सुचावं, याचं मला नवल वाटत नाही, अभिमान वाटतो. घरी लिंबू पिळायचं मात्र नाही. द्रावणाचं प्रमाण, निर्जंतुक पट्टी, आतला मेलेला भाग काढणं आणि साखरेवर ताबा, हे सगळं डॉक्टरांच्या हातानंच व्हायला हवं. मामांच्या बाबतीत ते झालं, आणि सव्वादोन महिन्यांनी जखम भरली.

गेल्या दसऱ्याला औशाला गेलो होतो. ओट्यावर मामा बीजप्रक्रियेला बसले होते. गुळाचं पाणी निवत ठेवलेलं, समोर पोत्यावर हरभरा पसरलेला. हातात मोजे, पायात गुडघ्याएवढे काळे गमबूट, घरात बसूनसुद्धा. मला पाहिल्यावर त्यांनी पाकीट पुढं केलं.

“वाच बरं पुढचं नाव. फ्लुरोसन्सच हाय ना?”

मी वाचलं. तेच होतं. त्यांनी पाकीट फोडलं आणि पावडर पाण्यात ओतली.